नदीकाठचा माकडखाऊ

"काय रे माकडखाऊ, अजून जिवंत?" सोकोने सायकल झाडाला टेकवली.

"तुझ्या गावचे उंदीर संपले वाटतं," म्हणत चिशालाने माशाचं भांडं पुढे सरकवलं.

सोको कमिशनरसाहेबांचा शिपाई, दर आठवड्याला हजेरी घ्यायला यायचा. तांब्याच्या खाणीत संप पेटवला म्हणून इंग्रज सरकारने चिशालाला लुआपुला नदीकाठी आणून टाकलं होतं. पलीकडे बेल्जियनांचं काँगो. नदी ओलांडली की सुटका. पण मग खाणीवरच्या वस्तीत राहिलेली बायको, म्विला, जन्मात दिसली नसती. तिच्यासाठीच तो साहेबाकडून सुटकेच्या हुकुमाची वाट पाहत होता. सरकारच्या धाकाने गावकरी त्याच्याशी बोलत नसत. कानावर पडायचा तो सोकोचाच आवाज.

सोको न्गोनी, चिशाला बेंबा. दोन्ही जमाती एके काळी एकमेकींशी लढलेल्या. आता एकमेकांची मनसोक्त टर उडवायची, समोरच्याने रागवायचं नाही आणि त्यातलं काही खरंही मानायचं नाही, अशी रीत. ती मयतावरसुद्धा पाळत.

"तुझी म्विला शिंप्याबरोबर गेली बघ," सोको म्हणाला.

"निदान कपडे तरी धड मिळतील तिला!"

"आणि साहेबाने तुला सोडलंय. ऊठ, बांध गाठोडं!"

"मागल्या खेपेला राणीने जेवायला बोलावलं होतं मला!" हसता हसता चिशालाला ठसका लागला.

सोकोही हसला. उन्हं कलली तरी तो उठेना. त्याच्या खोलीवर तरी कोण वाट पाहत होतं?

पुढे तीन आठवडे तो फिरकलाच नाही. मग एक नवा शिपाई आला. लुंडा जमातीचा होता, थट्टेच्या नात्यातला नव्हे. सोको तापाने गेला, त्याने सांगितलं.

चिशालाला रडू आवरेना. "मयतावर त्याची टर उडवायला मी हवा होतो हो. माझा हक्क होता."

"मग आला का नाहीत?"

"कसा येणार? सरकारचा कैदी मी."

शिपाई गोंधळला. "तुमची सुटका होऊन वर्ष झालं. साहेबांनी सोकोलाच पाठवलं होतं सांगायला. तो म्हणायचा, दर आठवड्याला सांगतो, पण गडी नुसता हसतो."

चिशाला धडपडत उठला आणि गाठोडं बांधायला लागला. मधेच त्याचे हात थांबले.

"आणि तो शिंपी?"

शिपायाने टोपी काढली. "तो निरोप तुमच्या बायकोनेच धाडला होता."