तुळशीवरचं बोट

"जुन्या लिंकांना हात लावायची वेळ आली, तर आधी मला फोन कर. मी कंपनी सोडली म्हणून संकोच करू नकोस," बुद्धभूषण जाताना म्हणाला होता. हर्षालीने मान डोलावली आणि मनातल्या मनात हसली. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकालाच वाटतं, आपल्यामागे सगळं कोसळणार.

आता जुना सर्व्हर बंद करायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं.

'सकाळखूण' हे त्यांच्या नाशिकच्या छोट्या कंपनीचं सगळ्यात जुनं काम. गावाकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. प्रत्येकाच्या मोबाइलवर तुळशीचं चित्र, त्यामागे ज्याची त्याची लिंक. सकाळी उठून चित्रावर बोट ठेवलं, लिंक उघडली, की शहरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर हिरवा ठिपका उमटे. म्हणजे माणूस बरा आहे. दुपारपर्यंत लिंक उघडली नाही तर ठिपका लाल, आणि मग ऑफिसातून शेजाऱ्यांना फोन.

सर्व्हर बदलला तरी ती चित्रं बदलणं शक्य नव्हतं. देवळा तालुक्यापासून पेठ तालुक्यापर्यंत घरोघर जाऊन कोण शिकवणार? जुन्याच लिंका नव्या सर्व्हरवर पोचायला हव्या होत्या. एकही तुटून चालणार नव्हती. त्यातली एक हर्षालीच्या आईची होती.

यशोदाबाई पेठेच्या पुढे, मळ्यातल्या घरात एकटीच राहायची. हाकेच्या अंतरावर कुणी नाही. रेंज आली तर आली.

"आई, दिवसातून एकदा तरी फोन उचलत जा गं."

"कशाला? सकाळी तुळशीवर बोट ठेवते ना मी? मग हाय मी जित्ती. तू पोरीकडं बघ, माझ्यामागं नको लागू."

पण हर्षालीचा स्वभावच तसा. पोर गाढ झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरून बघणार. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघणार. लिंकांचंही तेच. नवा सर्व्हर सुरू झाला त्याच दिवशी तिने एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो रोज उजाडायच्या आत एकेक जुनी लिंक उघडून बघे, नव्या जागी नीट पोचते की नाही. पोचत होती. सगळ्यांची.

बुद्धभूषणला फोन करायचं तिच्या डोक्यात आलं होतं. पण सगळं सुरळीत चाललेलं असताना विचारायचं तरी काय?

आणि खरंच, लाल ठिपके थांबले. पूर्वी रोज कुणी ना कुणी राहून जायचं. कुणी विसरायचं, कुणी तसंच शेतावर निघून जायचं. आता एकही नाही. "म्हणजे जुन्या सर्व्हरच्याच खोड्या होत्या सगळ्या," साहेब म्हणाले. ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. शेजाऱ्यांना फोन लावणाऱ्या निकिताला दुसरं काम दिलं गेलं.

एवढं कौतुक चाललेलं असतानाही हर्षाली मळ्यावर फोन लावत होती. आईचा फोन लागत नव्हता. बंद आहे, बंद आहे, एवढंच ती रेकॉर्डवरची बाई सांगत राहायची.

"आजचा ठिपका कसला आहे?" तिच्या नवऱ्याने, दीपकने विचारलं.

"हिरवा."

"मग झालं तर! सासूबाई फोन बंद ठेवून निवांत बसल्यात. तुझ्यापासून सुट्टी."

"गप रे. रविवारी जाऊन येऊ या."

रविवारी पोरीला लस दिल्याचा ताप होता. हर्षालीने सकाळी उठल्याउठल्या आईचा ठिपका बघितला. हिरवा. जाणं पुढच्या रविवारवर गेलं.

त्या आठवड्यात, पोरीला वरणभात भरवत असताना तिचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं, आई.

हर्षालीचा जीव भांड्यात पडला. खरकट्या हातानेच तिने फोन उचलला. "आई! किती घोर लावतेस गं! फोन का बंद ठेवलास?"

"ताई, मी सोमनाथ बोलतोय. पेठेतनं, मोबाइलचं दुकान हाय माझं." पलीकडे मागे कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला. "मावशींचा फोन झाला तयार. पडदा गेलता, चार्जिंग बी होत नव्हतं. आत्ता चालू केला तर तुमच्या मिस्ड कॉलचे लय मेसेज आले."

"आई आहे का तिथे?"

"नाय ना. मागल्याच्या मागल्या बाजाराला टाकून गेल्या. पुढच्या बाजाराला नेते म्हणाल्या, तर त्या आल्याच नाय. मला वाटलं, तुमच्याकडं नाशिकला गेल्या असतील. नाय का आल्या?"

पोर चमच्यासाठी हात नाचवत होती. हर्षालीने लॅपटॉप ओढला. आजच्या खुणा. यशोदाबाई, हिरवा ठिपका. कालही हिरवा. परवाही. फोन सोमनाथच्या दुकानात बंद पडलेला, आणि तुळशीवर बोट मात्र रोज.

लिंक कुठून उघडली गेली, ते ती पहिल्यांदाच बघत होती. आईची लिंक ऑफिसातूनच उघडली गेली होती. यादीत तिच्या वरच्या सोनवण्यांची तिथूनच. खालच्या शकुबाईंचीही तिथूनच. उजाडायच्या आत, रोज, एकामागून एक, तिच्याच प्रोग्रामने. दीपकला फोन लावता लावता तिने दुसऱ्या हाताने सगळ्यांच्या मुलामुलींना निरोप टाकला: "हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका. बोट तुमच्या माणसाचं नाही, आमच्या मशीनचं आहे. सर्व्हर बदलल्यापासून रोज. हातातलं काम टाका, आपल्या माणसाकडे जा. आणि तुमच्यापैकी कुणी पेठेच्या बाजूला असेल, तर मळ्यातल्या यशोदाबाईंचं दार वाजवा. त्या उघडत नसतील तर तोडा."