चावलेला पाला

सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घेत नाही. त्या सोमवारी माझी सून खुशी हौसेने माझ्याबरोबर तुंगारेश्वरच्या डोंगरावर महादेवाला निघाली आणि रानातल्या ओढ्यात काचेने पाय कापून बसली.

रक्त थांबेना. आसपास कोणी नव्हते. काठावर दगडीपाला मात्र भरपूर होता. तो चावून जखमेवर लावला, की रक्त थांबते.

"मग चावा ना, आई. मला तर गरगरतंय."

"उपास आहे गं. दगडावर वाटते."

"तोवर मी रिकामी होईन," ती हसली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. डोळे मिटून ती खडकाला टेकली.

मी पाला खुडला आणि चपटा दगड शोधायला वळले. रान इतके निवांत होते, की ओढ्यालाही डुलकी लागली असावी.

परतले, तर खुशीच्या जखमेवर हिरवा गोळा बसला होता. रक्त थांबले होते.

"मोडलात ना उपास माझ्यासाठी?" डोळे न उघडताच ती म्हणाली. "किती हळू लावलंत!"

माझ्या मुठीतली पाने अख्खी होती. मी गोळ्याला बोट लावले. तो लाळेने ओला होता, आणि कोमट.

महादेवाचे नाव घेत मी त्यावर रुमाल बांधला. "ऊठ बाई, निघू या."

तिने डोळे उघडले आणि माझ्या मागे पाहिले.

"आई, तो दुसरा कशाला चावून ठेवलात?"

खडकावर ओला गोळा होता, पहिल्याच्या चौपट मोठा. मी माझे हात पाहिले, पाय पाहिले. कुठे ओरखडाही नव्हता, आणि उतरायची वाट अजून सगळी पुढे होती.