आठ फायटर

दिपक आंघोळ करून आला तेव्हा आठही फायटर टेबलावर आडवी पडलेली होती.

सकाळी रातपाळीवरून आल्या आल्या, डोळ्यांवर झोप असताना, त्याने ती एकेक करून उभी केली होती. अंगठ्याच्या पेराएवढं लढाऊ यान, त्याच्या पोटाखाली काडीसारखी पारदर्शक दांडी, आणि दांडीच्या बुडाशी बेस म्हणून लोखंडी वायसरची चकती. टेबलावर काळं कापड अंथरून खेळायची अवकाशातली लढाई होती ती. यानं अधांतरी उडताना दिसली पाहिजेत, तर दांडी काचेसारखी स्वच्छ हवी. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तिच्यावर पांढरी झाक येते, म्हणून त्याने दोन ट्यूबचा गोंद कालवला होता. तो घट्ट व्हायला वेळ घेतो. तोवर टेबलाला कोणी हात लावायचा नसतो.

“पुन्हा हलली वाटतं,” टॉवेल दोरीवर फेकत तो म्हणाला.

तलासरीच्या या बाजूला आठवडाभर जमीन पुन्हा हलायला लागली होती. मोठं काही नाही. भांडी वाजायची, पत्रा थरथरायचा, मागच्या विटांच्या भिंतीतली भेग थोडी पुढे सरकायची. पाड्यातल्या लोकांनी अंगणात ताडपत्र्या बांधल्या होत्या, पण थंडी वाढली तशी बहुतेक घरं पुन्हा आत झोपू लागली. दिपकला भूकंपाची भीती वाटत नव्हती, राग येत होता. दोनदा यानं मोडली आणि दोनदा त्याने वापीतला या खेळाचा सामना बुडवला. जोडीदार मनिषने आज पहाटे कंपनीत तोंडावर सांगितलं होतं, “भाई, उद्या नाय आला तर मी दुसरा गडी बघतो.”

“हलली कुठं?” दाराबाहेरच्या ओट्यावर वाल निवडत बसलेली त्याची बायको वर्षा म्हणाली. “मी सकाळपासून इथंच आहे.”

“मग काय भुताने पाडली?”

“हळू बोल. शितल आत्ताच झोपलीय.”

दिपकने एक यान उचलून डोळ्यांजवळ धरलं. दांडीच्या टोकाला गोंदाची तार ओढली गेली होती. पडलेल्या यानाची अशी तार निघत नाही. कोणीतरी पिळून काढलं होतं.

“मी काढली,” चुलीपाशी बसलेली त्याची आई हिरी म्हणाली.

“आये, तू?”

“चिकटवलीस तर पडणार कशी?”

“पडू नयेत म्हणूनच चिकटवतात!”

“ते तुझं.” हिरीने लाकूड आत सारलं. “मंगळवारी तू पाळीला होतास. ही टकटक पडली, तशी मी जागी झाले. आंगाला काही कळलं नव्हतं. पोरीला उचलून दारात आले, तवर पत्रा वाजायला लागला. मागनं गिलावा आला खाली.”

दिपकला गिलावा आठवला. बुधवारी सकाळी पोरीच्या गोधडीवर पडला होता. त्याने आधी जमिनीवरची यानं गोळा केली होती.

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं. तू म्हणालास, मोडलेला पंख शोध.”

वर्षा ओट्यावरून हसली. “तहसीलदाराला कळवायला पाहिजे, भूकंपाचं मशीन आमच्या घरी आहे म्हणून.”

दिपकला हसू आलं नाही. “त्यापेक्षा तांब्या ठेव ना उलटा. त्यावर पेला. पडला की वाजेल.”

“ठेवला होता. भिंत फाटली तरी तो बसलेला. तुझी ही नाचरी बरी,” हिरी म्हणाली.

“कंपनीच्या मशीनवर एवढी यानं काढायला मी साहेबाची किती मनधरणी केली, माहीत आहे? जेवणाच्या सुट्टीत रंगवली एकेक. ती काय तुझ्या उशाशी राखण करायला?”

लाकडाचा धूर डोळ्यांत गेला तसं हिरीने तोंड फिरवलं.

दिपक खुर्ची ओढून बसला. आत्ता चिकटवली तर उद्या सकाळपर्यंत धरतील. त्याने ब्लेडने जुना गोंद खरवडला, वायसर पुसले, बाटलीच्या झाकणात नवा गोंद कालवला. लावण्याआधी एकदा सगळी कोरडीच उभी करून बघावी लागतात. कुणाचं नाक खाली जातं, कुणाचा पंख कलतो. वायसरच्या भोकात त्याने एकेक दांडी टेकवली. श्वास रोखून बोट काढलं. सात उभी राहिली. आठवं नाक घालत होतं. ते सरळ करायला तो वाकला.

टेबलावरचा फोन थरथरला. मनिष.

पत्र्याच्या टेबलावर फोन गरगरत सरकला आणि यानं एकामागून एक खाली गेली. टक, टक, टक.

दिपकने दात आवळून शिवी दिली आणि फोनकडे हात नेला.

पडद्यामागून शितल बाहेर आली. चार वर्षांची पोर, डोळे अर्धे मिटलेले, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ. ती रडली नाही, कोणाकडे बघितलंही नाही. टेबलाला वळसा घालून गेली, उंबरा ओलांडला, बसत बसत ओट्यावरून उतरली आणि भिंतीपासून लांब, अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. वर्षाचा हात सुपात थांबला. हिरी जागची हलली नाही.

फोन थरथरतच होता. झाकणातला गोंद घट्ट व्हायला लागला होता.

उन्हात उभ्या पोरीने डोळे चोळले आणि दारातून आत बघितलं.

“बाबा,” ती ओरडली, “तू आतच?”