चौदाव्या रांगेतली पट्टी

तपासनीस बाराव्या रांगेपाशी थांबला आणि भिंतीवरून नख फिरवू लागला. नख अडकलं. त्याने वहीत लिहिलं, कड लागते, आणि तो पुढे सरकला. विमानाच्या उघड्या दारापाशी, खात्यातल्या बाकीच्या बायकांच्या पुढे, शिवणखात्याच्या मावशी उभ्या होत्या. हात कोरडेच होते, तरी त्या एप्रनला पुसत होत्या.

विमानात अजून खुर्च्या नव्हत्या, नुसत्या कापड चढवलेल्या भिंती. प्रत्येक खिडकीखाली एक पट्टी बसवायची होती, कागदासारखी पातळ, हातभर लांब. तिच्यात दिवा नाही. अक्षरं बदलायची तेवढ्यापुरती चिमूटभर वीज खाते. मग वायर काढून घेतली तरी अक्षरं जागची हलत नाहीत. अक्षरं पुसली की कोरी, राखाडी. कंपनीच्या कागदांत तिला लांबलचक नाव होतं. शिवणखात्यात तिला सगळ्या जणी अक्षरपट्टी म्हणत.

अडचण एवढीच, की कोरी पट्टी भिंतीवर ठिगळासारखी दिसे. ठिगळ झाकायला चौकट लावावी तर वजन वाढे, आणि विमानात फुकटचं वजन कुणालाच नको असतं. बाहेरून शिकून आलेल्या माणसांनी बारावी आणि तेरावी रांग बिनचौकटीची करून पाहिली होती. चौदावी मावशींनी मागून घेतली. इंजिनिअर वयाने लहान, पण गोड गोड बोलून फसवणारा नव्हता. त्याने सरळ सांगितलं, की चौदावी पास झाली तर सगळ्या भिंतींचं काम शिवणखात्याकडे. नाही झाली तर भिंती साच्यातून तयार होऊन येतील, आणि खात्यातल्या अकरा जणींना गोदामात खोकी बांधायला जावं लागेल. त्या अकरा जणींत मावशींची सूनही होती.

पहिल्याच आठवड्यात मावशींनी चार पट्ट्या वाया घालवल्या. एकतीस वर्षं त्या खुर्च्यांना कापड चढवत आल्या होत्या. ओढायचं आणि ढोलकीसारखं ताणून बसवायचं, हीच हाताला सवय. पट्टीही त्यांनी तशीच ओढली. तिच्या पोटात पांढऱ्या रेघा उमटल्या, त्या काही गेल्या नाहीत. चौथी गेली तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, बाळाला झबलं घालतानाही असंच ओढायचात का? मग तुमचा मुलगा वाकडा कसा नाही झाला?"

"नाही झाला असं कोण म्हणतं?" मावशी म्हणाल्या.

खातं हसलं. पण पाचव्या पट्टीला मावशींनी हात सैल सोडला.

मग त्यांनी कापडाचे सात तागे उलगडून पट्टीच्या रंगाशी जुळणारा एक शोधला. कापडाची कड मागून सुरीने तासत इतकी पातळ केली, की ती पट्टीवर कुठे संपते ते डोळ्याला कळेना. बोटांवर त्यांचा भरवसा नव्हता. सुईने बोटांची टोकं केव्हाच दगड करून टाकली होती. म्हणून त्या भिंतीला गाल लावून कड शोधत. येता-जाता वायरमन विचारायचे, विमान कानात काय सांगतंय. तुमच्या वायरी टोचतात म्हणतंय, असं मावशी सांगायच्या आणि गालाला लागलेली जागा उसवून पुन्हा बसवायच्या. असं तीनदा झालं. चौथ्यांदा गालाला काही लागलं नाही.

तेराव्या रांगेत तपासनिसाला हवेचा फुगा सापडला. तोही त्याने टिपला. मग तो चौदाव्या रांगेशी आला. बॅटरीचा उजेड तिरका पाडून त्याने भिंत पाहिली. नख या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग वरून खाली. कपाळाला आठी पडली. हातातली यादी त्याने पुन्हा वाचली, वहीत एक ओळ लिहिली, तिच्यापुढे लाल फुली मारली आणि वही इंजिनिअरकडे दिली.

इंजिनिअरचा चेहरा उतरला. "नापास," तो म्हणाला.

सुनेने मावशींचा दंड घट्ट धरला. मावशींनी तिचा हात हलकेच सोडवला.

"कारण लिहिलंय ते वाचा," त्या म्हणाल्या.

इंजिनिअरने वाचलं, "चौदावी रांग. पट्टी बसवलेलीच नाही."

मग सून पुढे झाली. खिडकीच्या कोपऱ्यात वायरचं टोक ठेवलेलं होतं, ते तिने हातातल्या छोट्या खोक्याला जोडलं. रिकाम्या कापडावर चौदाचा आकडा वर आला, आणि शेजारी दाराकडे दाखवणारा बाण. तिने वायर काढून घेतली. आकडा तसाच राहिला.

तपासनिसाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकड्याच्या चारी बाजूंनी त्याने नख फिरवलं. ते कुठेच अडेना. ही सुरू कुठून होते, असं त्याने विचारलं. शिवणखात्यातल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्याने वही परत घेतली, चूक माझी झाली असं पुटपुटला आणि ती ओळ खोडायला पेन टेकवलं.

मावशींनी पानावर हात ठेवला.

"खोडू नका, साहेब. पास करायचं ते खाली लिहा. वरची ओळ राहू द्या. एकतीस वर्षं शिवतेय, ती हा शेरा मिळावा म्हणूनच."