एक्कावन्नावं कार्ड

"एक्कावन्न आहेत, साहेब," भारती म्हणाली.

गुंजाळ साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. ते ऑफिसचे मॅनेजर. नागापूर एमआयडीसीतल्या त्या कारखान्याच्या ऑफिसला वर्षापूर्वी कार्डाचं दार बसलं होतं. कार्ड खाचेतून ओढलं की हिरवा दिवा लागायचा आणि दार सुटायचं. कोण कधी आलं याची नोंद टेलिफोनच्या लाइनवरून पुण्याच्या कंपनीकडे जायची, आणि त्याबद्दल ती कंपनी वर्षाची वर्गणी घ्यायची. पन्नास कार्डांपर्यंत अठरा हजार. त्यावर एक जरी कार्ड गेलं की सरळ तीस हजार.

"एका कार्डापायी बारा हजार कोण देणार? एक काढून टाका."

"कुणाचं?"

"कलाबाईचं. झाडायलाच तर येते. येईल कुणाच्या तरी मागोमाग आत."

भारती यादी घेऊन रेकॉर्ड रूममध्ये आली. कपाटं, फायली आणि ती. पूर्वी दारावर आसाराम वॉचमन असायचा. रजिस्टर पुढे सरकवता सरकवता "आज स्वेटर घातलं न्हाई, ताई?" असं काहीतरी विचारायचा. कार्डाचं दार आल्यावर त्याला मागच्या भंगार यार्डावर पाठवलं. भारतीची पारनेरची आई वारून दोन वर्षं झाली होती. भाऊ पिंपरीला. केडगावच्या खोलीत रविवार न बोलता जायचा, आणि सोमवारी पहिला शब्द काढताना भारतीचा घसा खरवडायचा. आता तो पहिला शब्द कधीकधी दुपारपर्यंत लागायचा नाही.

दुपारी कलाबाई फरशी पुसायला आली. तिला बातमी लागली होती.

"मी सातला येती," ती फडकं पिळत म्हणाली. "तुमी लोकं साडेआठ, नवाला. तवर बाहीर पायरीवर बसावं लागंल. बसंन. पन झाडून कवा व्हायचं?"

भारतीनं यादी पुढे ओढली. एक नाव खोडलं आणि कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हे तुमचं नाव आहे," साहेब म्हणाले.

"हो."

"रोज दार वाजवत बसणार?"

"वाजवीन. हजेरीला मस्टरवर सही करीन."

साहेबांनी खांदे उडवले. कलाबाईनं दुसऱ्या दिवशी भाकरी आणि ठेचा आणून दिला आणि "तुमी लई केलं," एवढंच म्हणाली.

भारतीची बस पावणेनऊला पोचायची. त्या वेळी दाराजवळ फक्त मालनबाई असायच्या. त्या टेलिफोन ऑपरेटर, त्यांचा बोर्ड दारापासून दहा पावलांवर. पहिल्या दिवशी भारतीनं काचेवर टकटक केली तेव्हा त्या हेडफोन काढून, खुर्ची सरकवून, कपाळाला आठ्या घालून आल्या.

"कार्ड विसरलात?"

"कार्डच नाही आता."

"म्हणजे हे रोजचंच?"

"रोजचंच."

पहिला आठवडा त्यांनी दार ढकललं आणि तोंड न बघताच वळल्या. सकाळी एकदा, जेवून आल्यावर एकदा, मागच्या शेडमधून फायली आणल्यावर एकदा. दुसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "डोळे सुजल्यात तुमचे." मग कळलं की त्यांची मुलगी राहात्याला दिली आहे आणि पोटुशी आहे. ही हकिगत त्या दारातच सांगायच्या, एका वेळी दोन-तीन वाक्यं. तोवर बोर्डावर फोन वाजायचा आणि पुढचं जेवणानंतर. सासू दवाखान्यात न्यायला तयार नव्हती. मग नेलं. मग मुलगी झाली, त्या दिवशी मालनबाईंनी दार उघडून धरलं आणि दोघी उंबऱ्यावर इतका वेळ उभ्या राहिल्या की बोर्डावरचे तीन फोन वाजून बंद झाले.

जानेवारीत एकदा बस बंद पडली. भारती केडगावहून निम्मी वाट चालत, निम्मी रिक्षाने आली. साडेदहा झाले होते. तिनं हात वर केला, पण काचेला लावायच्या आधीच दार उघडलं.

"दोनदा येऊन बघून गेले मी," मालनबाई म्हणाल्या. "कुठं हुतात?"

आई गेल्यापासून हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"बस," ती म्हणाली. "बस बंद पडली."

"मग फोन करायचा. फोनपाशीच तर बसलेली असते मी."

एप्रिलमध्ये वर्गणीचं नवं वर्ष सुरू झालं. पुण्याच्या कंपनीनं दर बदलले होते. आता त्याच अठरा हजारांत पंचाहत्तर कार्डं. गुंजाळ साहेबांनी भारतीला बोलावलं. टेबलावर नवं कोरं कार्ड होतं, तिच्या नावाचं.

"वर्षभर तुम्ही फार त्रास काढलात. सुटलात आता."

भारतीनं सही केली, कार्ड घेतलं आणि "थँक यू, साहेब," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ती दारासमोर उभी राहिली. पर्स उघडून बघितली. कार्ड पासबुकाखाली नीट होतं. तिनं पर्सची चेन लावली आणि काचेवर टकटक केली.