दुसरं चित्र

साहेबांनी लेबलावरचं दुसरं चित्र अंगठ्याने झाकलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "आता कसं सुटसुटीत दिसतंय!"

अंगठ्याबाहेर उरली होती लाल चौकटीतली ज्वाळा. अंगठ्याखाली होता छातीत तडे गेलेला माणूस.

"चित्रं दोन आहेत, साहेब," समोर उभी असलेली प्रयोगशाळेतली बाई म्हणाली. "हे सॉल्व्हंट पेट घेतं, म्हणून ते पहिलं. आणि त्याची वाफ रोज नाकात गेली की हातापायांच्या नसा मरतात, म्हणून हे दुसरं. आगीची चाचणी एका दुपारी उरकते, त्यामुळे ते आधी लागलं. नसांचं पक्कं व्हायला सहा महिने गेले. आता पक्कं झालंय. धोक्याचा वर्ग ठरलाय."

"ठरवता तुम्हीच ना? मग जरा खालचा ठरवा. गुंगी येते म्हणा, किरकोळ धोक्याच्या उद्गारचिन्हावर भागवा. उद्गारचिन्हाला कोण घाबरतं?"

"कोणी घाबरत नाही, म्हणूनच नको."

"अहो, आगीचं राहू द्या की. त्याला मी कधी नाही म्हटलं?"

म्हणतील कसे? आगीत साहेबांचा कारखाना जळाला असता. नसा दुसऱ्यांच्या होत्या. बाईच्या हे मनात आलं आणि तिने ते तोंडावर बोलूनही दाखवलं. साहेब नुसते हसले. चिडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

खाली पिंपांनी भरलेली गाडी उभी होती. बाईची सही झाली की लेबलं छापायची, चिकटवायची आणि गाडी सोडायची, एवढंच उरलं होतं.

"मी अर्ध्या लेबलावर सही करणार नाही," ती म्हणाली.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमच्या घरचाच माणूस आहे भराईवर. त्यालाच विचारू."

भराई म्हणजे मोठ्या टाकीतलं सॉल्व्हंट पिंपांत ओतायची शेड. तिचा मुकादम बाईचा दीर होता. घरी तो तिला वहिनी म्हणे, कारखान्यात न चुकता मॅडम.

दीर वर आला तो एकाच पायात चप्पल घालून.

"काय रे, दुसरी गहाण टाकलीस की काय?"

दिराने खाली पाहिलं, तेव्हा कुठे त्याला कळलं. "जिन्यात राहिली वाटतं, साहेब. हल्ली निसटतात. सैल निघाली जोडी."

बाईने त्याच्या पायाकडे पाहिलं. चप्पल नवीकोरी होती आणि पट्टा बोटांत रुतलेला होता.

"शेडमध्ये काही त्रास वगैरे?" साहेबांनी विचारलं. अंगठा अजून लेबलावरच होता.

"छे हो! आगीचं चित्र लागल्यापासून डोळ्यांत तेल घालून जपतो आम्ही. काडेपेटी आत नाही, मोबाईल आत नाही. भिंतीतला तो मोठा पंखासुद्धा बंद करून टाकला मी. जुनी मोटार ती, एखादी ठिणगी उडाली म्हणजे? वरून भोकाला पत्रा ठोकलाय."

"पंखा कधी बंद केला?" बाईने विचारलं.

"लेबल लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मॅडम. म्हटलं, तुम्ही सांगितलंय तर ते नीट पाळायला हवं."

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "विजेचं बिलही वाचलं."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेडमधली वाफ बाहेर ओढणारा पंखा तेवढा एकच होता. त्याला ठिणगी न उडवणारी मोटार बसवा म्हणून ती साहेबांच्या मागे लागून थकली होती. दिराचं काही चुकलं नव्हतं. त्याला अर्धंच सांगितलं गेलं होतं आणि ते अर्धं तो जिवापाड पाळत होता. आगीतून वाचवलेली माणसं तिने फुफाट्यात लोटली होती, वर पत्रा ठोकून. तिला साहेबांचा संताप आला, हसणाऱ्या त्या तोंडाचा आला, आणि त्या एकट्या ज्वाळेखाली असलेल्या स्वतःच्या सहीचाही आला.

"त्या शेडमध्ये आता कोणी जाणार नाही," ती म्हणाली. "आधी पत्रा काढा. सगळ्यांना बाहेर काढा."

"बाई, शांत व्हा. मुकादम स्वतः सांगतोय ना काही त्रास नाही म्हणून? तुम्हाला त्याच्याहून जास्त कळतं, त्याच्या अंगातलं?"

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. कप फुटतात म्हणून साहेबांनी स्टीलचे ग्लास आणवले होते. शिपायाने ते फडक्यात धरून एकेक टेबलावर ठेवले आणि बोटांवर फुंकर मारत तो निघून गेला.

"घे रे, तूही घे," साहेब खुशीत म्हणाले. लेबल सोडून त्यांनी स्वतःचा ग्लास उचलला, "आई गं!" करून तसाच आदळला आणि भाजलेला अंगठा तोंडात घातला. चहा टेबलभर झाला. लेबलावरची दोन्ही चित्रं आता उघडी होती.

दिराने आपला ग्लास केव्हाच उचलला होता. अख्ख्या मुठीत, गारठलेला माणूस धरतो तसा. ग्लासातून वाफा निघत होत्या. तो साहेबांकडे काळजीने बघत होता आणि त्याची बोटं लालभडक होत चालली होती.

"भाऊजी, ठेवा तो ग्लास खाली!" बाई ओरडली.

तो दचकला, पण मूठ सुटली नाही.

"का हो वहिनी? गरम आहे का?"