मनगटावरचा पेरू

अत्तराच्या दुकानात मी गिऱ्हाइकांच्या मनगटावर पेरूचं अत्तर लावून दाखवते. व्यक्ती तितक्या प्रकृती, तसंच कातड्या तितके वास. कुणावर पिकलेला पेरू, कुणावर नुसता पाला. माझ्यावर मात्र कच्चा पेरू आणि जरासं भिजलेलं लोखंड. माझी लेक डोळे मिटून तेवढ्या वासावरून मला ओळखते.

आज एका अनोळखी बाईंच्या मनगटाला अत्तर लावलं, हुंगलं, आणि पुन्हा हुंगलं. कच्चा पेरू. भिजलेलं लोखंड.

घाईघाईनं मी माझ्या मनगटाला लावलं. कसलाच वास येईना. पुन्हा लावलं, चोळलं. काहीच नाही.

"राहू द्या हो," बाही खाली ओढत बाई म्हणाल्या. "शाळा सुटेल, मी निघते. पोरगी डोळे मिटूनच ओळखते ना?"